कुत्र्याला कुत्रा नको असतो तेव्हा

घरात लहान मुलांच्या अंगावर लोळणारा, पाहुण्यांचे पाय चाटणारा कुत्रा रस्त्यावर दुसरा कुत्रा दिसला की ओळखू येईनासा होतो. मागच्या पायांवर उभा राहतो, साखळी तुटेल इतकी ताणतो, दात विचकतो. पाळणाऱ्याला त्या क्षणी भीती वाटते आणि चारचौघांत लाजही वाटते. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तक्रार येते. मग त्या कुत्र्याचं फिरणं पहाटे पाचला किंवा रात्री अकरानंतर होऊ लागतं. काहींचं तर कायमचं बंद होतं आणि बाल्कनीत बांधलेला कुत्रा खालून जाणाऱ्या प्रत्येक कुत्र्यावर भुंकून आणखी बिघडतो.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. एक जण म्हणतो, ‘मालक कोण ते त्याला दाखवून द्या.’ दुसरा म्हणतो, ‘नसबंदी करून टाका.’ तिसऱ्याच्या मते ती जातच तशी असते. चौथा सांगतो, ‘सोडा त्याला, आपापसात मिटवतील.’ या चारही सल्ल्यांची परीक्षा करता येईल एवढं संशोधन आज हाताशी आहे. त्याचा आढावा घेण्याआधी माझं म्हणणं मांडलेलं बरं. बहुतेक कुत्री दुसऱ्या कुत्र्यावर धावून जातात ती त्याला लांब ठेवण्यासाठी. म्हणून उपायाची सुरुवातही अंतरापासून व्हायला हवी. आणि प्रत्येक कुत्र्याशी दोस्ती व्हावी हे उपायाचं ध्येय नाही. दुसऱ्याच्या बाजूने शांतपणे जाता यावं, एवढं साधलं तरी पुरेसं आहे.

भांडणाआधीची भाषा

रोज सकाळी कुठल्याही गल्लीत घडणारा एक प्रसंग जरा सावकाश पाहू. फुटपाथ अरुंद आहे. समोरून दुसरा पाळीव कुत्रा येतो आहे, साधारण साठ फुटांवर. आपला कुत्रा थबकतो. इतका वेळ बाहेर लोंबणारी जीभ आत जाते, तोंड मिटतं. कान पुढे येतात, अंगाचा भार पुढच्या पायांवर जातो, शेपूट ताठ उभी राहून टोकाशी थरथरू लागते, मानेपासून पाठीपर्यंतचे केस उभे राहतात. नजर खिळते. हे सगळं दोन-तीन सेकंदांत होतं आणि त्या वेळी मालकाचं लक्ष फोनमध्ये असतं. तो वर पाहतो, दचकतो, साखळी हाताला गुंडाळतो आणि कुत्र्याला जवळ ओढतो. गळ्यातला पट्टा आवळला जातो. दोन्ही कुत्री आता समोरासमोर, नाकासमोर चालत एकमेकांकडे येताहेत. पंधरा फुटांवर आपला कुत्रा फुटतो: भुंकणं, उसळ्या, गुरगुर. दुसऱ्याचा मालक घाईघाईने रस्ता ओलांडून पलीकडे जातो. आपला कुत्रा आणखी दोनदा भुंकतो आणि अंग झटकून पुढे चालू लागतो.

या प्रसंगात कुत्रा काय शिकला? आपण भुंकलो आणि दुसरा निघून गेला. त्याच्या लेखी उपाय लागू पडला. रोज दोनदा हा धडा मिळाला तर काही महिन्यांत तो साठ फुटांवरूनच सुरू होतो. त्याच वेळी तो आणखी एक गोष्ट शिकतो: दुसरा कुत्रा दिसला की माझा गळा आवळला जातो आणि माझा माणूस घाबरतो.

मोकळी कुत्री एकमेकांकडे सरळ रेषेत फारशी जात नाहीत. कमानीसारखं वळण घेतात, मध्येच जमीन हुंगतात, नजर बाजूला करतात, शेजारून येऊन मागचा भाग हुंगतात आणि वेगळी होतात. नॉर्वेच्या ट्युरिड रुगास यांनी अशा तणाव उतरवणाऱ्या खुणांकडे जगभरच्या पाळणाऱ्यांचं लक्ष वेधलं. जांभई देणं, ओठांवरून जीभ फिरवणं, मान वळवणं ही त्यातली काही उदाहरणं. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला ना वळण घेता येतं, ना पळता येतं. चेक संशोधकांनी फिरायला आलेल्या कुत्र्यांची निरीक्षणं करून २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बांधलेली कुत्री मोकळ्या कुत्र्यांपेक्षा सुमारे दुप्पट वेळा एकमेकांना धमकावताना आढळली. म्हणून साखळी काढून टाका, असं मी मुळीच म्हणत नाही. आपल्या वाहतुकीत ती हवीच. पण ती हातात असते तेव्हा कुत्र्याचा पळण्याचा मार्ग आपण काढून घेतलेला असतो. त्याच्या वतीने वळसा घेण्याची जबाबदारी मग आपल्यावर येते.

शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश आहे, हा समजही सोडायला हवा. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की मालक दिसल्यावर कुत्र्याची शेपूट त्याच्या उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी, दांडगा कुत्रा दिसल्यावर डावीकडे. रस्त्यावर डावं-उजवं मोजता येत नाही, पण ताठ आणि उंच शेपूट वेगळी, सगळ्या अंगासह सैल हलणारी शेपूट वेगळी, हे कुणालाही ओळखता येतं.

आणि गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधीही मारू नये. गुरगुरणं ही सूचना असते. ती दडपली तर भीती जात नाही, फक्त सूचना जाते. मग तोच कुत्रा ‘काही न सांगता चावतो’ अशी तक्रार सुरू होते.

कारणं अनेक

भीती हे मोठं कारण, पण एकमेव नाही. काही कुत्री दुसऱ्याला भेटायला इतकी उतावीळ असतात की साखळी आडवी आली की चिडतात. दिसायला तो हल्लाच असतो, मुळात ती अडवणुकीची चीड असते. काहींना आपलं अन्न, आपला चेंडू किंवा आपला माणूस वाटून घ्यायचा नसतो. फाटकाच्या आत भुंकणारा कुत्रा हद्द राखत असतो. माजावरच्या मादीभोवती नर भांडतात, पिल्लं पाजणारी मादी कुणालाच जवळ येऊ देत नाही. मोठ्या कुत्र्याने लहानग्या कुत्र्याला सावज समजून धरणं हा आणखी वेगळा आणि फार धोक्याचा प्रकार. तिथे गुरगुर नसते, दबकणं आणि झडप असते.

दुखणं हे सर्वांत जास्त दुर्लक्षित कारण आहे. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडलेला अंदाज असा की वर्तनाच्या तक्रारींसाठी तज्ज्ञांकडे पाठवल्या जाणाऱ्या प्राण्यांपैकी निदान एक तृतीयांशांत कुठलं तरी दुखणं सापडतं. खुब्याचा सांधा दुखणारा लॅब्रेडोर, कान चिघळलेला कॉकर, दात किडलेला म्हातारा पॉमेरेनियन. उड्या मारत अंगावर येणारा दुसरा कुत्रा यांच्यासाठी वेदनाच घेऊन येतो. म्हणून वर्तन अचानक बदललं असेल तर ट्रेनरच्या आधी पशुवैद्य.

शरीरातल्या रसायनांचाही वाटा असतो. अमेरिकेतल्या इव्हान मॅक्लीन यांच्या गटाने २०१७ मध्ये साखळीवर असताना दुसऱ्या कुत्र्यांवर धावून जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या कुत्र्यांची तुलना केली. धावून जाणाऱ्यांच्या रक्तात व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाचं एकूण प्रमाण जास्त आढळलं. म्हणजे असा कुत्रा हट्टी किंवा वाया गेलेला असतो असं नाही. त्याच्या शरीरात त्या क्षणी खरोखर काहीतरी पेटलेलं असतं, आणि पेटलेल्या अवस्थेत ‘सिट, सिट’ ओरडून उपयोग होत नाही.

मग जात? २००८ मध्ये डेबोरा डफी, जेम्स सर्पेल आणि सहकाऱ्यांनी मालकांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांच्या आधारे जातींची तुलना केली, तेव्हा अनोळखी कुत्र्यांवर धावून जाण्यात अकिता आणि पिट बुल यांच्यासोबत मांडीवर मावणारा जॅक रसेल टेरियरही वरच्या क्रमांकात होता. जातीचा कल असतो, हे यातून दिसतं. पण २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या, अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्या कुत्र्याच्या वर्तनात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के भाग जातीने समजावता येतो. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचायला हवेत: जात पाहून सावध राहावं, निवाडा मात्र त्या एका कुत्र्याकडे पाहून करावा. आपल्याकडे केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये २३ जातींच्या आयातीवर, पैदाशीवर आणि विक्रीवर बंदी आणायला सांगणारं परिपत्रक काढलं. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पुढच्याच महिन्यात रद्द केलं. यादी करणं सोपं असतं. कुत्रा कसा वाढवला, कुठे बांधला, केव्हा आईपासून तोडला, हे तपासणं अवघड असतं.

‘मालक कोण’ या कल्पनेचा प्रवास

‘कुत्र्याला कळपाचा नायक लागतो, तो तुम्ही बना’ हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. त्याचं मूळ स्वित्झर्लंडच्या बाझल प्राणिसंग्रहालयात आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी तिथल्या पिंजऱ्यातल्या लांडग्यांचा अभ्यास १९४७ मध्ये प्रसिद्ध केला. अपुऱ्या जागेत एकत्र कोंडलेले ते लांडगे वरच्या स्थानासाठी झगडत होते. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या ‘द वुल्फ’ या पुस्तकाने ‘अल्फा लांडगा’ ही कल्पना घरोघरी नेली. पुढे मीच यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाकडल्या एल्समीर बेटावर मोकळ्या लांडग्यांसोबत अनेक उन्हाळे काढले. तिथे दिसलं ते असं की रानातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं. नायकपद तिथे भांडून मिळवलेलं नसतं. ते आई-बापपण असतं. १९९९ मध्ये त्यांनी तसं लिहिलं आणि आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा, असा प्रकाशकाकडे पाठपुरावा केला. ते २०२२ मध्ये थांबलं.

कुत्र्यांच्या जगात ही दुरुस्ती उशिरा पोचली. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्कीट मठातले साधू जर्मन शेफर्ड वाढवण्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांच्या १९७८ च्या पुस्तकाने चुकणाऱ्या कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरण्याची रीत लोकप्रिय केली. २००२ च्या सुधारित आवृत्तीत ती रीत त्यांनी स्वतःच काढून टाकली. तोवर ती टीव्हीवर आणि गावोगावच्या ट्रेनरांच्या हातात जाऊन बसली होती.

तिचा परिणाम काय होतो, याचंही मोजमाप झालं आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मेगन हेरॉन आणि सहकाऱ्यांनी वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० कुत्र्यांच्या मालकांना विचारलं, तुम्ही काय काय करून पाहिलंत आणि कुत्र्याने काय केलं? २००९ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, मारणं किंवा लाथ घालणं हा उपाय केलेल्यांपैकी ४३ टक्क्यांच्या कुत्र्यांनी उलट हल्ला केला. उताणं पाडणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के होतं, डोळे वटारून पाहणाऱ्यांत ३० टक्के. पोर्तुगालमध्ये २०२० साली ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास झाला. हिसके आणि दरडावणी यांवर चालणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांच्या लाळेत शिकवणीनंतर तणावाचं संप्रेरक जास्त वाढलेलं दिसलं. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संस्थेने २०२१ मध्ये आक्रमक कुत्र्यांसकट सगळ्यांसाठी केवळ बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीच वापराव्यात, अशी भूमिका घेतली. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर वेल्सने २०१० पासूनच बंदी घातली आहे.

हिसका दिला की कुत्रा गप्प होतो, हे खरं आहे. पण दुसरा कुत्रा दिसताच गळ्यात कळ येते, हाच धडा पुन्हा पक्का होतो. ज्याला दुसरा कुत्रा आधीच संकट वाटत होता, त्याला आपण पुरावा देतो.

भीती उतरवण्याची रीत

आज ज्या पद्धती टिकल्या आहेत, त्यांचं मूळ कुत्र्यांच्या प्रयोगात नाही, एका लहान मुलाच्या भीतीत आहे. १९२४ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या मुलाला आवडीचा खाऊ देत देत ससा थोडा थोडा जवळ आणला. शेवटी तो सशाला कुरवाळू लागला. १९५८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतले जोसेफ वोल्पी यांनी याच तत्त्वाला पायरी-पायरीने भीती उतरवण्याच्या उपचाराचं रूप दिलं. कुत्र्यांच्या बाबतीत त्याचं भाषांतर सरळ आहे: दुसरा कुत्रा इतक्या लांबून दाखवायचा की आपला कुत्रा पाहील पण पेटणार नाही, आणि त्याच क्षणी त्याला सगळ्यांत आवडणारी गोष्ट द्यायची.

प्रत्यक्षात हे कसं करायचं? एखादं मोठं मैदान निवडावं. मदतीला ओळखीचा, शांत कुत्रा आणि त्याचा माणूस घ्यावा. दोघांत सुरुवातीला शंभर-दीडशे फुटांचं अंतर असावं. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीभोवतीचा हार्नेस घालावा, साखळीऐवजी सहा-आठ फुटांचा कापडी पट्टा घ्यावा आणि तो सैल धरावा. खिशात उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे ठेवावेत. शाकाहारी घरात पनीर चालतं. कुत्रा थोडा भुकेला असावा. मदतनीस कुत्रा झाडाआडून बाहेर येतो. आपला कुत्रा त्याच्याकडे पाहतो. लगेच एक तुकडा, मग दुसरा, तिसरा. तो कुत्रा दिसेनासा झाला की खाऊ बंद. हा क्रम फार महत्त्वाचा आहे: आधी कुत्रा दिसणार, मग खाऊ येणार. उलट केलं, म्हणजे आधी चिकन दाखवून मग दुसरा कुत्रा आणला, तर कुत्रा चिकनलाच संशयाने पाहू लागतो.

दहा मिनिटं पुरे. काही दिवसांनी एक क्षण येतो, तो ओळखता यायला हवा: दुसरा कुत्रा दिसतो आणि आपला कुत्रा आपणहून मान वळवून आपल्याकडे पाहतो, ‘दिसला तो, आता माझा तुकडा?’ असं विचारल्यासारखा. तिथे भावना बदलायला लागलेली असते. मग अंतर दहा फुटांनी कमी करावं. कुत्र्याने खाऊ घ्यायचं नाकारलं, किंवा हळुवार घेणारा हिसकावून घेऊ लागला, तर आपण फार जवळ आलो आहोत. मागे जावं. रागावू नये.

अमेरिकेत लेस्ली मॅकडेव्हिट यांनी २००७ च्या पुस्तकात ‘बघ त्याच्याकडे’ या खेळातून हीच गोष्ट शिकवली. ग्रीशा स्ट्युअर्ट यांच्या पद्धतीत खाऊपेक्षा मोकळीक महत्त्वाची: लांब दोरीवर कुत्र्याला हुंगू द्यायचं, त्याने नजर वळवली की त्याला हवं तसं लांब जाऊ द्यायचं. उत्तर टेक्सास विद्यापीठात विकसित झालेल्या आणखी एका पद्धतीत आपला कुत्रा शांत झाला की समोरचा कुत्रा मागे नेतात, म्हणजे शांतपणाचं बक्षीस म्हणूनच अंतर मिळतं. या पद्धतींचे पुरस्कर्ते आपापसांत बरेच वाद घालतात. सामान्य पाळणाऱ्याने त्यात अडकू नये. तिन्हींचा गाभा एकच आहे: कुत्र्याला सहन होणाऱ्या अंतरावर काम करायचं आणि त्याच्या सहनशक्तीची रेषा ओलांडायची नाही. जी पद्धत ही रेषा मानत नाही, म्हणजे ‘चार कुत्र्यांत नेऊन सोडा, आपोआप सुधारेल’, ती टाळावी. त्यातून काही कुत्री गप्प होतात ती घाबरून गोठल्यामुळे, आणि काहींचं पुढच्या वेळी रक्त सांडतं.

एक सावधगिरी. तणाव साठत जातो. सकाळी कचऱ्याच्या गाडीचा भोंगा, दुपारी घरात पाहुणे, संध्याकाळी फटाका, आणि रात्री समोर कुत्रा. रोज सहन होणारं अंतर त्या रात्री पुरत नाही. दिवाळीच्या दिवसांत शिकवणी थांबवून शांत दिनक्रम ठेवणं शहाणपणाचं.

परदेशी पुस्तक आणि आपला रस्ता

इथवरचं बहुतेक लेखन ज्या देशांतून आलं, तिथे रस्त्यावर मोकाट कुत्री जवळजवळ नसतात. पुण्यात, नाशकात, पणजीत किंवा कोल्हापुरात दर दोन गल्ल्यांनंतर नवी टोळी असते आणि तिची हद्द ठरलेली असते. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षं या कुत्र्यांचा अभ्यास करत आहेत. १९९८ मध्ये एस. के. पाल आणि सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या मोकळ्या कुत्र्यांतली भांडणं ऋतू, लिंग आणि वय यांच्या संदर्भात तपासली होती. आपल्याकडे भाद्रपदात कुत्र्यांची भांडणं वाढतात हे खेड्यातल्या कुणालाही ठाऊक असतं. पावसाळा सरताना माद्या माजावर येतात. त्यानंतर हिवाळ्यात पिल्लं असलेल्या माद्यांपासून लांब राहावं लागतं.

इथे आपल्या कुत्र्याचं वागणं बिघडलेलं असेलच असं नाही. साखळीला बांधलेला एक आणि समोर मोकळे चार, अशा स्थितीत घाबरणं हे अगदी रास्त आहे. म्हणून आपल्याकडे शिकवणीइतकंच मार्गाचं नियोजन महत्त्वाचं. टोळ्यांच्या हद्दी पाहून फिरण्याचा रस्ता ठरवावा. उभ्या मोटारींच्या आड थांबता येईल अशा जागा हेरून ठेवाव्यात. ‘चल मागे’ या शब्दांवर झटकन उलट फिरण्याचा सराव आधी घरात, मग जिन्यात, मग रस्त्यावर करून घ्यावा. हा सराव अनेक भांडणं टाळतो. टोळी समोर आली तर पळू नये, दगड मारू नये. आपल्या कुत्र्याला मागे घेऊन, अंग वळवून, सावकाश मागे सरावं. मूठभर बिस्किटं लांब फेकली तर निसटायला वेळ मिळतो, पण रोज फेकली तर तीच कुत्री वाट पाहू लागतात. अचानक उघडलेली छत्री बहुतेक कुत्र्यांना थबकवते.

भांडण जुंपलंच तर हात मध्ये घालू नये. आपल्याला होणारे सर्वांत वाईट चावे इथेच होतात. बादलीभर पाणी, अंगावर टाकलेली चादर, मध्ये सरकवलेली फळी किंवा खुर्ची, मोठा आवाज यांनी बरीच भांडणं सुटतात. चावा बसलाच, माणसाला किंवा कुत्र्याला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. रेबीजच्या बाबतीत ‘बघू उद्या’ चालत नाही.

रस्त्यावरच्या बाजूचा उपाय पालिकेच्या आणि रहिवाशांच्या हातात आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना त्यांच्याच जागी सोडायचं असतं, आणि खाऊ घालण्याच्या जागा जिने, प्रवेशद्वारं आणि मुलांच्या खेळण्याच्या जागा यांपासून दूर ठरवायच्या असतात. ज्या सोसायट्यांनी फाटकापासून लांब, ठरलेल्या वेळी अन्न द्यायला सुरुवात केली, तिथे फाटकाशी अन्नावरून होणारी भांडणं टळतात. यासाठी कुणाशी वैर धरावं लागत नाही. एक बैठक पुरते.

एकाच घरातली दोन कुत्री

घरातल्या दोन कुत्र्यांचं भांडण वेगळं असतं, कारण तिथे लांब जायला जागा नसते. अभ्यासांत वारंवार दिसतं की अशी भांडणं समलिंगी जोड्यांत जास्त होतात, आणि दोन माद्यांमधलं वैर मिटवणं अवघड जातं. बहुतेक भांडणांची वेळ ठरलेली असते: जेवणाची ताटली, दारावरची बेल, मालक घरी येण्याचा क्षण, अरुंद दरवाजा. म्हणून वेगळ्या खोल्यांत जेवण, बाळांसाठी मिळतं तसं जाळीचं दार, बेल वाजली की दोघांनी आपापल्या चटईवर बसण्याचा सराव, यांनी सुरुवात करावी. नवा कुत्रा आणताना पहिली भेट घरात घडवू नये. मोकळ्या जागी, समांतर चालत, बऱ्याच अंतरावरून घडवावी. आणि जर चावे खोल जात असतील, तर एकाला दुसरं चांगलं घर शोधणं हा पराभव समजू नये. रोजच्या दहशतीत जगणाऱ्या कुत्र्याची ती सुटका असते.

पिल्लूपणीच

जॉन स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं केलेल्या कामातून १९६५ मध्ये एक गोष्ट पुढे आली: पिल्लाच्या वयाचा तिसरा ते बारावा आठवडा हा जग ओळखीचं होण्याचा काळ असतो. भावंडांत कुस्ती खेळताना पिल्लू जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ थांबतो. दात किती दाबायचे हे ते तिथे शिकतं. आपल्याकडे कुत्र्यांच्या पैदाशीबाबतच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, पण महिन्याभराची पिल्लं पिशवीतून घरी येताना आपण पाहतोच. अशी खरेदी नाकारणं हा कुत्र्या-कुत्र्यांतल्या भांडणावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

‘लसी पूर्ण होईपर्यंत घराबाहेर काढू नका’ हा सल्ला पार्वो आणि डिस्टेंपर या रोगांच्या रास्त भीतीपोटी दिला जातो. पण त्यात नेमका हाच काळ निघून जातो. मधला मार्ग आहे: पिल्लाला कडेवर घेऊन बाजार, रिक्षा, दुसरी कुत्री लांबून दाखवावीत. लसी झालेल्या, शांत, मोठ्या कुत्र्याच्या घरी भेटीला न्यावं. रस्त्यावरची माती मात्र हुंगू देऊ नये.

नसबंदी, औषध, मुसकं

माजाशी जोडलेली नर-नरांतली भांडणं नसबंदीने काही कुत्र्यांत कमी होतात. भीतीतून येणारी आक्रमकता तिने जात नाही, काही भित्र्या कुत्र्यांत वाढूही शकते. म्हणून नसबंदी इतर चांगल्या कारणांसाठी जरूर करावी. भुंकण्याचा रामबाण म्हणून करू नये. अतिशय बेचैन कुत्र्यांना पशुवैद्य फ्लुऑक्झेटिनसारखी औषधं देतात. त्यांनी शिकण्याइतकी शांतता मिळते, शिकवणी मात्र करावीच लागते. घरातल्या माणसांच्या गोळ्या अंदाजाने देणं जीवघेणं ठरू शकतं.

मुसक्याबद्दलची लाज सोडावी. जाळीचं, तोंड उघडून धापा टाकता येतील असं मुसकं, आत खाऊ ठेवून हळूहळू सवयीचं केलं, तर कुत्र्याला त्रास होत नाही आणि मालकाचे हात थरथरायचे थांबतात. तोंड घट्ट बांधणारी कापडी पट्टी आपल्या उन्हात वापरू नये.

परिस्थिती किती गंभीर आहे, हे ठरवायला इयन डनबर या पशुवैद्याने सुचवलेला हिशेब उपयोगी आहे: किती भांडणं झाली आणि त्यातल्या कितींत समोरच्या कुत्र्याला दवाखान्यात न्यावं लागलं? वीस भांडणं आणि एकही टाका नाही, तर तो आरडाओरडा करणारा पण दातांवर ताबा असलेला कुत्रा आहे. त्याला आशा खूप. दोन भांडणं आणि दोन्ही वेळा खोल जखमा, तर मुसकं, तज्ज्ञ पशुवैद्य आणि आयुष्यभराची सावधगिरी लागेल. ट्रेनरची पाटी लावायला आपल्याकडे पदवी लागत नाही, म्हणून निवडताना एकच प्रश्न विचारावा: ‘कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता?’ उत्तरात हिसका, काटेरी पट्टा किंवा ‘दोन दिवसांत सरळ करतो’ असेल तर नमस्कार करून निघावं.

निवाडा असा. पुरावा ज्या बाजूला झुकला आहे ती बाजू स्पष्ट आहे: दुखणं तपासा, अंतर राखा, भावना बदला, धोका असेल तिथे मुसकं घाला. काम महिन्यांचं आहे, काहींच्या बाबतीत जन्मभराचं. प्रत्येक कुत्रा मैदानात खेळणारा होणार नाही, आणि व्हायलाही नको.

शेवटची विनंती शांत कुत्रा पाळणाऱ्यांना आहे. समोरच्याचा कुत्रा ताणतो आहे, तो माणूस धडपडत बाजूला होतो आहे, असं दिसलं तर ‘माझा काही करत नाही’ म्हणत आपला कुत्रा त्याच्याकडे सोडू नका. आपला पट्टा आखडा, रस्ता ओलांडा, त्यांना जाऊ द्या. त्या माणसाच्या कित्येक आठवड्यांच्या मेहनतीला तुमची एवढी मदत पुरेशी आहे.